मातेचें दूध आणि शल्यविशारदाचा छेद

वैद्यकाच्या इतिहासांत नवीं साधनें निघाल्याच्या कथा पुष्कळ आढळतात. परंतु एखादें साधन निघाल्यावर त्याविषयीं कोणता प्रश्न केव्हां विचारला गेला, ही कथा सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक तीच अधिक बोधप्रद असते. स्तनाच्या ठिकाणीं सिलिकोनची पिशवी बसविण्याची शस्त्रक्रिया १९६२ सालीं अमेरिकेंत प्रथम झाली. ज्या अवयवावर ती झाली, त्याचें निसर्गानें नेमून दिलेलें मुख्य कार्य म्हणजे अर्भकाचें पोषण. असें असतां, ‘या शस्त्रक्रियेनंतर माता आपल्या मुलास अंगावर पाजूं शकेल काय?’ हा अगदीं साधा प्रश्न जवळजवळ तीस वर्षें कोणीं नीटपणें हातीं घेतला नाहीं. पुढें तो घेतला गेला, तोही भीतीच्या भरांत आणि उलट्या बाजूनें. दुधांत विष उतरतें कीं काय, याची चौकशी मोठ्या गाजावाजानें झाली. मुळांत दूध पुरेसें उतरतें कीं नाहीं, याकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष होतें. या उलट्या क्रमाची झळ ज्यांस लागली, त्या नवप्रसूत माता व त्यांचीं तान्हीं मुलें होत.

स्तनाचा आकार शस्त्रानें बदलण्याचे प्रयत्न तसे जुनेच आहेत. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील व्हिन्सेंत्स चेर्नी या विख्यात शल्यविशारदानें १८९५ सालीं आपली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. एका गायिकेच्या स्तनांतील विकृत भाग त्यास काढावा लागला होता. तेथें पडलेला खळगा त्यानें तिच्याच कमरेवरील चरबीची गांठ काढून भरला, व दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी व्यवस्था केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हिएन्ना येथील रॉबर्ट गेर्सुनी यानें वितळलेलें पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचें खनिज मेण, शरीरांत टोचून उंचवटे निर्माण करण्याची युक्ति काढली. ती झपाट्यानें पसरली आणि तितक्याच झपाट्यानें बदनाम झाली; कारण मेण जागचें हलूं लागलें, त्याच्या कठीण गांठी झाल्या व जखमा चिघळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत द्रवरूप सिलिकोन थेट स्तनांत टोचण्याचा प्रघात पडला, व पुढें तो अमेरिकेंतही पोंचला. १९५० नंतरच्या दशकांत कृत्रिम स्पंजाचे तुकडे बसवून पाहण्यांत आले. परंतु कालांतरानें ते आक्रसून दगडासारखे होत. या सर्व खटपटींत दिसणें कसें सुधारेल, एवढीच दृष्टि होती.

सिलिकोन हा पदार्थ मनुष्यानें प्रयोगशाळेंत तयार केलेला आहे. वाळूंत जें सिलिकॉन नांवाचें मूलद्रव्य असतें, त्यास प्राणवायूची व कर्बयुक्त गटांची जोड देऊन तो बनवितात. तो तेलासारखा पातळ, रबरासारखा लवचिक किंवा मुरंब्याच्या पाकासारखा दाट, असा हवा तसा करतां येतो. उष्णतेनें तो सहजासहजीं बिघडत नाहीं व इतर द्रव्यांशीं फारसा संयोगही पावत नाहीं. युद्धकाळांत या पदार्थास मोठें महत्त्व आलें, व १९४३ सालीं डाऊ केमिकल आणि कॉर्निंग ग्लास या दोन कंपन्यांनीं मिळून डाऊ कॉर्निंग ही कंपनी त्याच्या उत्पादनासाठींच काढली. टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो हे दोन शल्यविशारद काम करीत होते. त्या सुमारास रक्तपेढ्यांत कांचेच्या बाटल्यांऐवजीं प्लास्टिकच्या पिशव्या आल्या होत्या. रक्तानें भरलेली अशी एक मऊ पिशवी हातांत दाबून पाहतां गेरो यास स्तनाच्या स्पर्शाचा भास झाला, आणि त्यांतूनच सिलिकोनच्या आवरणांत सिलिकोनचाच दाट रस भरण्याची कल्पना निघाली. प्रथम एका कुत्रीवर प्रयोग झाला. नंतर १९६२ सालीं एका स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली. ही बाई रुग्णालयांत आली होती ती अंगावरील गोंदण काढून घेण्याच्या विचारानें. डॉक्टरांनीं नव्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढली, तेव्हां तिनें आपले कान नीट बसवून मिळावेत, अशी इच्छा दर्शविली. शेवटीं दोन्ही गोष्टी झाल्या. पुढील वर्षीं वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत क्रोनिननें आपली पद्धति मांडली व तिचा प्रसार सुरू झाला.

ही पहिली स्त्री सहा मुलांची आई होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या स्त्रीपासून या शस्त्रक्रियेचा आरंभ झाला, तिच्यापुढें पहिल्या बाळंतपणाचा प्रश्न नव्हता. परंतु पुढें ज्या असंख्य तरुणींनीं ती करून घेतली, त्यांपैकीं पुष्कळ जणींचीं बाळंतपणें व्हावयाचीं होतीं. मग त्यांच्या संबंधांत तरी दुधाचा विचार कोणास कां सुचला नाहीं? याचें उत्तर शल्यविशारदांच्या हलगर्जीपणांत शोधण्यापेक्षां त्या काळच्या अमेरिकन समाजांत शोधलें पाहिजे.

त्या देशांत अंगावर पाजण्याची चालच तेव्हां मावळत चालली होती. बाळंतपणें रुग्णालयांत होत. मूल आईपासून वेगळें, काचेच्या तावदानाआड, एका मोठ्या दालनांत ठेवीत. दूध पाजावयाचें तें घड्याळाकडे पाहून. आणि ज्या आया पाजणार नसत, त्यांस दूध आटविण्याचीं औषधें देत. डबाबंद भुकटीचें दूध म्हणजे शास्त्रीय व आधुनिक, आणि अंगावरचें म्हणजे खेडवळ, अशी समजूत रूढ झाली होती. १९५६ साली शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क या गांवीं सात मातांनीं एकत्र येऊन अंगावर पाजणाऱ्या आयांस मदत करणारी संस्था काढली. ‘स्तन’ हा शब्द त्या वेळीं वर्तमानपत्रांत सभ्य मानला जात नसे. म्हणून त्यांनीं फ्लॉरिडांतील एका देवस्थानावरून आपल्या संस्थेस ‘ला लेचे लीग’ असें स्पॅनिश नांव दिलें. ‘लेचे’ म्हणजे दूध. १९७०च्या सुमारास तर अमेरिकेंत चार नवप्रसूत मातांपैकीं जेमतेम एक अंगावर पाजावयास आरंभ करी. अशा समाजांत स्तनाचा संबंध दुधापासून जणूं तुटलाच होता. राहिलें होतें तें केवळ त्याचें बाह्य रूप. बसविलेल्या पिशवीमुळें दूध कमी होईल काय, हा प्रश्न अशा ठिकाणीं कोणास सुचावा?

पुढें वारें फिरलें. १९७० नंतर सुशिक्षित तरुण आयांनीं अंगावर पाजण्याचा आग्रह धरला, आणि १९८२ पर्यंत शंभरांपैकीं साठांच्या वर माता रुग्णालयांतच पाजूं लागल्या. त्याच वर्षांत सिलिकोनच्या पिशव्या बसविणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढत गेली. असे हे दोन प्रवाह निरनिराळ्या वाटांनीं येऊन एकाच मातेच्या ठायीं मिळाले. रोगामुळें गेलेला स्तन पुन्हां घडविण्याकरितां पिशवी बसवून घेणाऱ्या स्त्रियाही होत्या. परंतु बहुसंख्य स्त्रियांनीं ती केवळ आकारासाठीं बसविली होती. १९९७ पर्यंत अमेरिकेंत पिशव्या बसविलेल्या एकंदर स्त्रिया १५ लक्षांपासून १८ लक्षांपर्यंत असाव्यात, असा अंदाज आहे.

इतक्या मोठ्या प्रमाणावर चाललेल्या या व्यवहारावर सरकारी देखरेख मात्र फार उशीरां आली. वैद्यकीय उपकरणें अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाराखालीं आणणारा कायदा अमेरिकेंत १९७६ सालीं झाला. सिलिकोनच्या पिशव्या त्यापूर्वींच बाजारांत असल्यामुळें त्यांची सुरक्षितता सिद्ध करून दाखविण्याची सक्ति कंपन्यांवर तात्काळ आली नाहीं. १९८८ सालीं प्रशासनानें त्यांस सर्वांत कडक वर्गांत घातलें व पुढें पुरावा मागितला. दरम्यान न्यायालयांत दावे सुरू झाले होते. पिशवी फुटून किंवा तींतून रस पाझरून आपणांस सांधेदुखी व त्वचेचे विकार जडले, अशी फिर्याद अनेक स्त्रियांची होती. १९९१ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका दाव्यांत ज्यूरीनें डाऊ कॉर्निंगविरुद्ध ७० लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. कंपनीच्या दप्तरांतील जुनीं पत्रें या दाव्यांच्या निमित्तानें बाहेर आलीं, व पुरेशी परीक्षा झाल्यावांचून माल विकला गेला, असा लोकांचा ग्रह झाला. जानेवारी १९९२ मध्यें प्रशासनाचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनीं या पिशव्यांचा वापर तूर्त थांबविण्यास सांगितलें, आणि एप्रिलमध्यें केवळ नियंत्रित अभ्यासापुरता व मुख्यतः स्तनाची पुनर्रचना करण्यासाठींच तो खुला ठेवला.

याच खळबळींत दुधाचा प्रश्न प्रथम पुढें आला. आईच्या शरीरांत जर सिलिकोन पाझरत असेल, तर तें दुधावाटे मुलाच्या पोटांत जात नसेल कशावरून? जानेवारी १९९४ मध्यें अमेरिकन वैद्यक संघाच्या मुखपत्रांत जेरेमाया लेव्हिन व नॉर्मन इलोवाइट या न्यूयॉर्ककडील दोन बालरोगतज्ज्ञांचा एक निबंध छापून आला. सिलिकोनच्या पिशव्या असलेल्या मातांचीं ११ मुलें त्यांनीं तपासलीं होतीं. त्यांपैकीं आठ अंगावर प्यालेलीं व तीन बाटलीवर वाढलेलीं होतीं. अंगावर प्यालेल्या आठांपैकीं सहा मुलांच्या अन्ननलिकेची हालचाल मंद व अनियमित आढळली. निबंध लहानसा होता. परंतु वर्तमानपत्रें व दूरचित्रवाणी यांच्याद्वारें त्याचा गाजावाजा मोठा झाला. ज्या मातेच्या मांडीवर त्या दिवशीं तान्हें मूल होतें, तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल. पाजावें तर विषाची शंका, न पाजावें तर मुलाचा हक्क बुडतो. आणि जीं मुलें पूर्वींच पिऊन मोठीं झालीं, त्यांच्याविषयींची टोंचणी निराळीच.

परंतु आंकड्यांकडे शांतपणें पाहतां त्या निबंधाची मर्यादा लपत नव्हती. तपासलेलीं मुलें वाटेल तशीं निवडलेलीं नव्हतीं; पोटाच्या वगैरे तक्रारींमुळें जीं डॉक्टरांकडे आलीं होतीं, त्यांतलींच तीं होतीं. आजारी मुलांमध्यें आजार आढळला, एवढ्यावरून तो दुधामुळेंच झाला, असें ठरत नाहीं. नंतर डेन्मार्कमध्यें रुग्णालयांच्या नोंदींवरून एक विस्तृत पाहणी झाली व ती १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील योजना मोठी मार्मिक होती. एकाच मातांचीं शस्त्रक्रियेपूर्वीं जन्मलेलीं व शस्त्रक्रियेनंतर जन्मलेलीं मुलें तिच्यांत स्वतंत्रपणें मोजलीं. पूर्वीं जन्मलेल्या मुलांच्या पोटांत सिलिकोन जाणें शक्यच नव्हतें. तरी अन्ननलिकेच्या तक्रारी त्यांच्यांतही तशाच आढळल्या. अर्थात् दोष पिशवीच्या माथीं मारतां येईना.

त्याच सुमारास कॅनडांतील टोरोंटो येथें जॉन सेंपल व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्यक्ष दूधच तपासावयास घेतलें. सिलिकोन हा पदार्थ दुधांत निश्चितपणें मोजणें कठीण. म्हणून त्यांतील मूलद्रव्य जें सिलिकॉन, तें त्यांनीं मोजलें. पिशव्या असलेल्या १५ माता व नसलेल्या ३४ माता यांचें दूध त्यांनीं तपासलें. पिशव्या असलेल्यांच्या एका मिलिलिटर दुधांत सरासरी सुमारें ५५ नॅनोग्रॅम सिलिकॉन सांपडलें, आणि नसलेल्यांच्या दुधांत सुमारें ५१. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग. या दोन आंकड्यांतील फरक नगण्यच म्हटला पाहिजे. मग त्यांनीं दुकानांतील गाईचें दूध तपासलें. त्यांत सुमारें ७०९ नॅनोग्रॅम भरलें. शेवटीं तान्ह्या मुलांसाठीं मिळणारीं २६ प्रकारचीं तयार दुधें तपासलीं. त्यांची सरासरी ४,४०० नॅनोग्रॅमच्याही वर गेली. म्हणजे भीतीनें जिनें अंगावर पाजणें सोडून बाटली धरली, तिनें मुलाच्या पोटांत जें जाऊं नये म्हणून धडपड केली, तेंच मूलद्रव्य बाटलीवाटे ऐंशीपट घातलें. त्यांतही भिण्यासारखें कांहीं नाहीं. कारण सिलिकॉन हें वाळूंतलें मूलद्रव्य पाण्यांत, धान्यांत, सर्वत्र थोडेंबहुत असतेंच. आणखी एक गंमत अशी कीं, पोटांत वायु धरून रडणाऱ्या तान्ह्या मुलांस सिमेथिकोन नांवाच्या औषधाचे थेंब देतात. तें सिलिकोनच्याच जातीचें द्रव्य होय. महाराष्ट्रांतील औषधांच्या दुकानांतही तें मिळतें, आणि आज्या-आया तें निःशंकपणें चमच्यानें पाजतात.

अमेरिकन काँग्रेसच्या इच्छेनुसार इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या मान्यवर संस्थेनें १९९७ पासून या विषयावरील सर्व पुरावा तपासावयास घेतला. १३ सभासदांच्या समितीचा अहवाल १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. दुधावाटे मुलांस अपाय होतो, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. अंगावरच्या दुधाचे फायदे मात्र निःसंशय सिद्ध आहेत. म्हणून पिशव्या असलेल्या मातांनीं पाजण्याचा प्रयत्न अवश्य करावा, असा समितीचा निर्वाळा पडला. २००१ सालीं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेंही सिलिकोनची पिशवी ही अंगावर पाजण्याची आडकाठी मानण्याचें कारण नाहीं, असें सांगितलें. तोपर्यंत डाऊ कॉर्निंग कंपनी १९९५ सालींच दिवाळखोरींत गेली होती. पुढें २००६ सालीं, दीर्घकाळ पाहणी करण्याच्या अटीवर, सिलिकोनच्या पिशव्यांस अमेरिकेंत पुन्हां परवानगी मिळाली. याचा अर्थ त्या सर्वथा निर्दोष आहेत, असा नव्हे. त्या जन्मभर टिकत नाहींत, भोंवतीं कठीण आवरण धरतें, आणि खरबरीत पृष्ठाच्या कांहीं पिशव्यांभोंवतीं एक विरळा कर्करोग होतो, असें आढळल्यावरून २०१९ मध्यें तसा माल परत घ्यावा लागला. परंतु हे प्रश्न आईच्या आरोग्याचे होत. दुधाच्या शुद्धतेचे नव्हेत.

असो. विषाची शंका अशी मिटली. पण मूळ प्रश्न उरलाच होता. दूध शुद्ध खरें, पण तें येतें किती? याचें उत्तर पिशवींत नसून शल्यविशारदाच्या सुरींत होतें. त्यासाठीं स्तनाची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. लंडनचे सर ॲस्टली कूपर यांनीं दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून ही रचना उलगडली व १८४० सालीं तिच्यावर सुंदर चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म कोठड्या द्राक्षांच्या घडाप्रमाणें असतात. त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या एकत्र होत होत स्तनाग्राकडे येतात. त्या पंधरा-वीस असतात, असें शंभर-दीडशें वर्षें पाठ्यपुस्तकांत छापलें जाई. परंतु २००५ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें पाजणाऱ्या मातांची ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासणी झाली, तेव्हां स्तनाग्राशीं पोंचणाऱ्या मुख्य नलिका सरासरीनें नऊच भरल्या. इतक्या थोड्या नळ्या, आणि त्या सर्व स्तनाग्राभोंवतींच्या काळसर वर्तुळाखालीं दाटीनें आलेल्या. तेथें चालविलेली सुरी किती महाग पडेल, हें सांगावयास नको.

नलिकांइतकेच महत्त्वाचे ज्ञानतंतु होत. मूल चोखूं लागलें म्हणजे त्या स्पर्शाची वर्दी छातीच्या चौथ्या बरगडीखालून येणाऱ्या ज्ञानतंतूच्या शाखेवाटे मेंदूस पोंचते. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पोष ग्रंथींतून मग दोन रस रक्तांत सुटतात. एकानें दूध तयार होतें, व दुसऱ्यानें तें कोठड्यांतून पिळून नलिकांत उतरतें. यासच आपल्याकडील बायका पान्हा फुटणें म्हणतात. हा ज्ञानतंतु कापला किंवा ताणला गेला, तर वर्दी पोंचत नाहीं, पान्हा अपुरा फुटतो, आणि कोठड्या रित्या न झाल्यामुळें नवें दूधही कमी बनतें; कारण जितकें दूध निघतें तितकेंच पुन्हां भरतें, असा त्या यंत्राचा नियम आहे.

आतां पिशवी आंत घालण्याचे मुख्य मार्ग तीन. स्तनाखालच्या वळींतून, काखेंतून, किंवा स्तनाग्राभोंवतींच्या वर्तुळाच्या कडेनें. तिसऱ्या मार्गाचा व्रण काळसर रंगांत लपून जातो, म्हणून दिसण्याच्या दृष्टीनें तो अनेकांस पसंत पडे. दुधाच्या दृष्टीनें मात्र तोच सर्वांत घातक. १९९० सालीं डेन्व्हर येथील मरियन नाइफर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिलटकरणींच्या दुधाविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनांवर कोणत्याही कारणानें शस्त्रक्रिया झालेल्या मातांस दूध अपुरें पडण्याचा संभव इतरांच्या तिपटीहून अधिक, व वर्तुळाच्या कडेनें छेद घेतलेल्यांस तो जवळजवळ पांचपट, असें त्यांत आढळलें. १९९६ मध्यें नॅन्सी हर्स्ट यांनीं पिशव्या बसविलेल्या ४२ व न बसविलेल्या ४२ मातांची तुलना केली. पहिल्या गटांतील २७ जणींस दूध अपुरें पडलें. दुसऱ्या गटांत केवळ तिघींस. येथेंही वर्तुळाच्या कडेचा छेद सर्वांत अधिक नडला. हर्स्टबाईंचें हें संशोधन ह्यूस्टन शहरांतलेंच, ही गोष्ट मोठी सूचक आहे. ज्या शहरीं १९६२ सालीं पहिली पिशवी बसली, त्याच शहरांतून दुधाच्या प्रमाणाचा नेमका हिशेब बाहेर यावयास ३४ वर्षें लागलीं.

या आंकड्यांवरून भलताच निष्कर्ष काढूं नये. कांहीं स्त्रियांच्या स्तनांत दुग्धग्रंथीच जन्मतः कमी असतात. आकार लहान किंवा विषम राहिल्यामुळें त्याच पिशवीकडे वळतात. अशा ठिकाणीं दूध कमी येण्याचें कारण शस्त्रक्रियेपूर्वींचेंच असूं शकतें. पिशवी ग्रंथीच्या लगत ठेवली कीं छातीच्या मोठ्या स्नायूखालीं ठेवली, तिचा दाब ग्रंथीवर किती पडतो, यावरही कांहीं अंशीं परिणाम अवलंबून असतो. शिवाय निसर्ग हार मानीत नाहीं. दुखावलेले ज्ञानतंतु कित्येक महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, पुन्हां जागे होतात. तुटलेल्या नलिकांची वाटही कधीं पुन्हां जुळते. आणि दुसऱ्या बाळंतपणांत पहिल्यापेक्षां अधिक दूध आल्याचीं उदाहरणें आहेत. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांतील सरकारी नोंदींवरून २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, रुग्णालयांतून घरीं जातांना मुलास आईचें दूध मिळण्याचें प्रमाण पिशव्या असलेल्या मातांत शंभरांत ऐंशीच्या आसपास, व इतरांत नव्वदीच्या आसपास होतें. म्हणजे वाट अडचणीची झाली, पण बंद झाली नाहीं.

अशा मातेनें काय करावें, याविषयींही आतां अनुभवाचें भांडार जमलें आहे. १९८५ सालीं स्तनपानविषयक सल्लागारांची आंतरराष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, व या कामीं जाणत्या माणसांची एक शाखाच तयार झाली. मूल जन्मल्यावर तासाभराच्या आंत त्यास छातीशीं घ्यावें; घड्याळ न पाहतां वारंवार पाजावें; शस्त्रक्रियेची हकीगत सुईणीस व बालरोगतज्ज्ञास आधींच सांगून ठेवावी; आणि मुलाचें वजन पहिल्या आठवड्यांत काळजीपूर्वक पाहावें. पांचव्या दिवसानंतर मूल दिवसांतून पांच-सहा वेळां तरी चांगलें लंगोट भिजवीत असेल व वजन धरीत असेल, तर दूध पुरतें आहे असें समजावें. वजन उतरतच राहिलें, तर हट्ट न धरतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें वरचें दूध द्यावें. उपाशी मूल हें कोणत्याच तत्त्वाचें यश नव्हे. वरचें दूध एका बारीक नळीनें स्तनाग्राशींच पोंचविण्याची युक्तीही आहे. तिच्या योगें मूल छातीशीं राहतें, चोखत राहतें, आणि चोखण्यानें जें थोडें दूध येत असेल तें वाढण्यास मदत होते. दूध सर्वस्वीं आपलेंच असलें तर पाजणें, नाहीं तर तें व्यर्थ, ही समजूत सोडलेली बरी. निम्में दूध आईचें मिळालें तरी तें निम्मेंच कां होईना, पण आईचें आहे.

या साऱ्या इतिहासांत कोणी एकच अपराधी दिसत नाहीं. शल्यविशारदांनीं आकार पाहिला, कंपन्यांनीं विक्री पाहिली, न्यायालयांनीं रोग पाहिला, वर्तमानपत्रांनीं विष पाहिलें. पान्ह्याकडे पाहणारे परिचारिका, बालरोगतज्ज्ञ व स्वतः माता हे सर्वांच्या मागून आले, आणि त्यांचा आवाज लहान होता. तरी कामाचें उत्तर शेवटीं त्यांच्याचकडून मिळालें. ही शस्त्रक्रिया आज भारतांतील मोठ्या शहरांतही होते, व ती करून घेणाऱ्या पुष्कळ तरुणींचा संसार पुढें व्हावयाचा असतो. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं लाजेनें मौन धरण्याचें कारण नाहीं. छेद कोठें घेणार, पिशवी स्नायूच्या वर ठेवणार कीं खालीं, आणि पुढें मूल झाल्यास पान्ह्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे तीन प्रश्न शल्यविशारदास आधींच विचारतां येतात. बाळ मांडीवर आल्यावर ते विचारून छेदाची जागा बदलतां येत नाहीं.